धक्क्यावरची मोजणी : केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेची पंच्याहत्तर वर्षे

३ फेब्रुवारी १९४७ रोजी केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था स्थापन झाली, तेव्हा स्वातंत्र्याला सहा महिने अवकाश होता आणि देशापुढचा पहिला प्रश्न पोटाचा होता. बंगालचा दुष्काळ होऊन फार दिवस झाले नव्हते. धान्य पुरत नाही, तर समुद्रातून अन्न किती मिळेल, असा विचार दिल्लीत सुरू झाला होता. केंद्र सरकारचे मत्स्यविकास सल्लागार डॉ. बैनी प्रसाद यांनी १९४५ मध्ये एक टिपण सादर केले आणि सागरी मासळीच्या अभ्यासाला स्वतंत्र केंद्रीय संस्था हवी असे सुचवले. त्या टिपणातून ही संस्था उभी राहिली. पण समुद्रातून उद्या किती मिळेल हे सांगायचे, तर आज किती मिळते हे आधी ठाऊक हवे. ते कोणालाच नक्की सांगता येत नव्हते.

संस्थेचा आरंभ मद्रासमध्ये झाला आणि १९४९ मध्ये ती रामेश्वरमच्या अलीकडे मंडपमला गेली. सिलोनच्या मळ्यांवर जाणाऱ्या मजुरांची छावणी जिथे होती, तेच हे मंडपम कॅम्प. तिथल्या आरंभीच्या वर्षांत डॉ. एन. के. पणिक्कर यांनी संस्थेला आकार दिला. पुढे गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, तिचे पहिले संचालकही तेच. १९६७ मध्ये संस्था भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या छत्राखाली आली, १९७१ मध्ये तिचे मुख्यालय कोचीला हलले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने पंच्याहत्तर वर्षे पूर्ण केली. संचालकांची नावे आणि इमारतींच्या कोनशिला यांची नोंद इतरत्र आहेच. या लेखात मला सांगायची आहे ती या संस्थेने केलेली सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट: हाताशी पुरेसा पैसा नाही, माणसे नाहीत, बोटी नाहीत, तरी एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचा भरवशाचा हिशेब ठेवता येतो, हे तिने करून दाखवले.

हे काम किती अवघड होते हे समजायला युरोपातल्या बंदरांशी ताडून पाहावे. उत्तर समुद्राच्या काठी मोठी बंदरे मोजकी. मासळी वजनकाट्यावरून जाते, लिलावाची पावती फाटते, बोटीवर नोंदवही असते आणि एका बोटीच्या मालात दोन-चार जातींचे मासे असतात. आपल्याकडे किनारा आठ हजार किलोमीटरांहून लांब. संस्थेने केलेल्या २०१० च्या गणनेत ३,२८८ मच्छीमार गावे आणि मासळी उतरवण्याची १,५११ ठिकाणे भरली. त्यांतल्या कित्येक ठिकाणी धक्का नाही, काटा नाही, पावती नाही. होडी वाळूवर लागते, टोपल्या उतरतात आणि अर्ध्या तासात मासळी बाजाराच्या वाटेला लागलेली असते. एकट्या महाराष्ट्रात ७२० किलोमीटर किनाऱ्यावर ४५६ गावे आणि अशी १५२ ठिकाणे. एका डोल जाळ्याच्या खोल्यातून बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकटी आणि त्यांच्यात मिसळलेली पापलेटची पिल्ले एकत्र बाहेर पडतात. प्रत्येक ठिकाणी रोज माणूस बसवायचा तर हजारो माणसे लागली असती. नव्या देशाला ते परवडणारे नव्हते.

मार्ग निघाला तो शेतीतून, आणि तो काढणाऱ्यांत दोन मराठी माणसे होती, याचा मराठी वाचकाला अभिमान वाटावा. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे हे दोघे संख्याशास्त्रज्ञ. देशात पीक किती आले हे पटवाऱ्याच्या नजरअंदाजावर न सोडता, यदृच्छेने निवडलेल्या शेतांत ठरावीक मापाचा तुकडा कापून मोजायचे आणि त्यावरून साऱ्या जिल्ह्याचा अंदाज बांधायचा, ही पीककापणी प्रयोगांची पद्धत कृषी अनुसंधान परिषदेत त्यांनी रुजवली होती. तोच विचार त्यांनी समुद्राकडे वळवला. मलबार किनाऱ्यावर प्रायोगिक पाहण्या झाल्या आणि १९५८ मध्ये सुखात्मे, पानसे व के. व्ही. आर. शास्त्री यांचा ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकातला लेख प्रसिद्ध झाला. भारतात सागरी मासळीचा अंदाज नमुनापाहणीने कसा घ्यावा, हाच त्याचा विषय. संस्थेतल्या एस. के. बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विचाराला आपल्या किनाऱ्याच्या रोजच्या व्यवहारात बसवले आणि तीच चौकट थोड्याफार फेरफारांनी आजवर चालू आहे.

शितावरून भाताची परीक्षा करतात, पण ती सगळे भांडे सारखे शिजले असेल तरच खरी ठरते. समुद्राचे भांडे सारखे शिजत नाही. एक बंदर तुडुंब, शेजारचे रिकामे. उधाणाला मासळी, भांगाला नाही. शुक्रवारी सुट्टी, तर शनिवारी दुप्पट बोटी. म्हणून या पद्धतीत जागा आणि काळ दोन्ही विभागले. किनाऱ्याचे पट्टे पाडले. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग केले. पहिल्या पाच दिवसांतला एक दिवस चिठ्ठी काढावी तसा निवडायचा, तिथून लागोपाठ सहा दिवस घ्यायचे आणि त्यांच्या दोन-दोन दिवसांच्या तीन जोड्या करायच्या. पुढच्या दोन भागांत दहा-दहा दिवसांच्या अंतराने तेच. अशा महिन्याच्या नऊ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीला पट्ट्यातले एक बंदर यदृच्छेनेच निवडले जाते. पहिल्या दिवशी दुपारी बारा ते संध्याकाळी सहा, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते दुपारी बारा पाहणारा स्वतः बंदरावर हजर असतो. मधल्या रात्री काय उतरले ते तो सकाळी विचारून घेतो. चोवीस तास पुरे झाले की एका बंदराचा एक दिवस हाती येतो.

बंदरावर तरी काय मोजायचे? पंधरापर्यंत बोटी आल्या तर सगळ्या पाहायच्या. जास्त आल्या तर ठरलेल्या प्रमाणात वगळत जायचे आणि पन्नास किंवा त्याहून अधिक असतील तर दर पाचांतली एक. निवडलेल्या बोटीचे जाळे कोणते, किती वेळ समुद्रात होती, किती खोलीवर गेली होती, कोणत्या जातीची मासळी किती, हे सारे लिहायचे. वजन बहुधा करता येत नाही. टोपल्या मोजायच्या आणि एका टोपलीत काय नि किती भरते ते पाहून हिशेब करायचा. मग बोटींवरून बंदराचा दिवस, दिवसांवरून पट्ट्याचा महिना, महिन्यांवरून राज्याचे वर्ष असे आकडे चढत जातात. मुंबईच्या ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यासारखी बंदरे इतकी मोठी की ती एकेकटी स्वतंत्र पट्टा मानली जातात आणि तिथे महिन्यातले जास्त दिवस पाहणी होते.

या पद्धतीचे गणित सुंदर आहे, पण ते उभे आहे एका माणसावर, आणि त्याच्याविषयी लिहिल्यावाचून या संस्थेचा इतिहास पुरा होत नाही. हा पाहणी करणारा कर्मचारी शास्त्रज्ञ म्हणून ओळखला जात नाही. त्याचे नाव शोधनिबंधावर क्वचितच येते. त्याला शेकडो जातींचे मासे नुसत्या नजरेने ओळखता आले पाहिजेत. बोय आणि रावस वेगळे करणे सोपे, पण बर्फात दबलेल्या ढिगातून ढोम्याच्या सहा-सात जाती निवडणे सोपे नाही. पहाटे दीडशे बोटींची घाई चाललेली असताना, लिलाव पुकारला जात असताना, तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, आपल्याशी दोन शब्द बोलावेत एवढी त्याची पत असावी लागते. तांडेल सहजासहजी खरे सांगत नाही, कारण मासळी कुठे सापडली हे शेजारच्या बोटीला कळलेले त्याला परवडत नाही आणि सरकारी माणूस दिसला की कर किंवा दंडच मनात येतो. वर्षानुवर्षे त्याच बंदरावर येणाऱ्या, कोणाला दंड न करणाऱ्या, नुसते विचारून लिहून घेणाऱ्या माणसावर हळूहळू विश्वास बसतो. संशोधन आणि अंमलबजावणी या दोन गोष्टी वेगळ्या खात्यांकडे राहिल्या, हे मला या व्यवस्थेतले मोठे शहाणपण वाटते. मोजणारा आणि दंड करणारा एकच असता, तर आकडे कधीच खरे मिळाले नसते.

मुंबईत या संस्थेचे काम अगदी आरंभापासून चालू होते. १९४६ मध्येच इथे केंद्र सरकारचे खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र निघाले होते आणि तैयो मारू या जपानी ट्रॉलरसारख्या बोटी मुंबई आणि सौराष्ट्राच्या पाण्यात जाळी ओढत होत्या. त्यांना काय सापडते हे पाहायला संस्थेची माणसे होती. आर. जयरामन, जी. शेषप्पा, के. एच. मोहमद आणि एस. व्ही. बापट यांनी १९४९-५० ते १९५४-५५ या वर्षांतल्या ट्रॉलर मासेमारीचा अहवाल १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. ट्रॉलरची गर्दी होण्यापूर्वी आपल्या समुद्राच्या तळाशी वाम, घोळ, कोथ, दाढा, शिंगाळा यांचे काय प्रमाण होते, हे आज कोणाला जाणून घ्यायचे असेल तर अशाच नोंदींकडे जावे लागते. त्या वेळी त्यांचे मोल कोणाच्या लक्षात आले असेल असे वाटत नाही.

काळा घोड्याजवळ महात्मा गांधी रस्त्यावरच्या आर्मी अँड नेव्ही बिल्डिंगमध्ये संस्थेच्या मुंबई केंद्राचे कार्यालय बरीच वर्षे होते. पुढे ते वर्सोव्याला, सात बंगल्याजवळच्या मत्स्य शिक्षण संस्थेच्या जुन्या आवारात गेले. माझ्या दृष्टीने या केंद्राचा सर्वांत मराठी वारसा म्हणजे बोंबलाचा अभ्यास. एस. व्ही. बापट यांची बोंबलावरची पुस्तिका संस्थेने १९७० मध्ये आपल्या पुस्तिकामालेतली एकविसावी म्हणून प्रसिद्ध केली.  वसई, सातपाटी, डहाणूपासून सौराष्ट्रातल्या जाफराबाद, नवाबंदरापर्यंतच्या कोळी आणि खारवी घरांचे वर्षाचे गणित या माशावर बसलेले. भरती-ओहोटीच्या ओढीसमोर डोल लावायची, पाणी उलटण्यापूर्वी ती उपसायची, माल वलांडीवर वाळत घालायचा. त्या माशाचा जन्म, वाढ, आहार, अंडी घालण्याचा काळ, डोलीतली आवक, हे सारे एका जागी नीट मांडले गेले. आज बोंबलाविषयी कोणताही नियम करताना मूळ आधार शोधायचा म्हटला तर तिथपर्यंत मागे जावे लागते.

माशाचे वय कसे ओळखायचे हाही असाच एक प्रश्न. थंड समुद्रातल्या माशाच्या खवल्यांवर आणि कानातल्या हाडावर हिवाळ्यागणिक वलय उमटते. झाडाच्या बुंध्यावरची वर्षे मोजावीत तशी ती मोजता येतात. बेव्हर्टन आणि होल्ट या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये माशांच्या साठ्यांचे जे गणित मांडले, त्याला वय लागत असे. आपल्या समुद्रात ऋतूंचा तेवढा फरक नसल्याने वलये पुसट असतात आणि भरवसा देत नाहीत. वय काढण्याच्या प्रयोगशाळा उभारायलाही पैसा नव्हता. मग शेकडो माशांची लांबी दर महिन्याला मोजायची, कोणत्या लांबीचे मासे जास्त आहेत ते पाहायचे आणि तो घोळका महिन्यागणिक मोठा होत जाताना त्याचा माग काढायचा, ही पद्धत धरली. मोजपट्टी आणि वही एवढेच तिला लागते. १९८० च्या दशकात मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड पॉली यांनी मनिलाहून यासाठी संगणकाची रीत काढली, तेव्हा तिच्यात घालायला आपल्याकडे वर्षांच्या वर्षे लांब्या लिहून ठेवलेल्या होत्या. संस्थेचे के. अलगराजा यांनी १९८४ मध्ये साठ्यांचा अंदाज घेण्याच्या सोप्या पद्धतींवर लिहिले. तो लेख ज्यांच्याकडे संगणक नव्हता अशांच्याही उपयोगी पडला.

इथवरची कहाणी मोजणीची झाली. मोजून हाती काय आले, याची कहाणी तेवढी सुखाची नाही.

१९५० च्या सुमारास देशाची सागरी मासळी साधारण पाच लाख टन होती. होड्यांना इंजिने बसली, सुताच्या जाळ्यांच्या जागी नायलॉन आले, कोळंबी परदेशी जाऊ लागली आणि ट्रॉलर वाढले. २०१२ मध्ये संस्थेने ३९.४ लाख टनांचा उच्चांक नोंदवला. या वाढीला विज्ञानानेही हात दिला, कारण देशाने मागितले होते तेच. पण इशारेही याच वह्यांतून निघाले. १९८० मध्ये संस्थेचे डॉ. ई. जी. सायलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटक किनाऱ्यावरच्या पर्ससीन या घेरून धरणाऱ्या जाळ्यांच्या मासेमारीविषयी लिहिले आणि तिला आवर घालणे निकडीचे आहे असे स्पष्ट म्हटले. शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात धरून फिरतो. पिल्ले बाहेर पडेपर्यंत खातही नाही. अंडी मोठी आणि म्हणून संख्येने थोडी. अशा नरांचे थवेच्या थवे जाळ्यात घेरले जात होते. म्हणजे एक मासा मेला की पुढची सगळी वीण त्याच्याबरोबर जात होती. इशारा वेळेवर होता, पुरावा समोर बंदरावर पडलेला होता, तरी निर्णय झाला नाही. पश्चिम किनाऱ्यावर शिंगाळ्याचे पुढे काय झाले हे जुन्या मच्छीमारांना विचारावे. मला या इतिहासातले सर्वांत दुखरे पान हेच वाटते, कारण इथे माहितीची कमतरता नव्हती.

नियम आले ते बहुतेक वेळा माणसांच्या रेट्यामुळे. गोव्यात रापणकरांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांनी, ट्रॉलरविरुद्ध लढा दिला. १९८० मध्ये गोवा आणि केरळचे, १९८१ मध्ये महाराष्ट्राचे सागरी मासेमारी नियमन कायदे झाले. किनाऱ्यालगतचे पाणी लहान होड्यांसाठी राखण्याची मागणी मच्छीमारांची होती. केरळात पावसाळी ट्रॉलिंगबंदीवरून वर्षानुवर्षे वाद चालला, समित्यांवर समित्या बसल्या आणि १९८८ पासून ती लागू झाली. संस्थेचे आकडे या वादांत दोन्ही बाजूंनी वापरले गेले, पण आकडे खोटे असे सहसा कोणी म्हटले नाही. पावसात समुद्र बंद ठेवून नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा निघण्याची आपल्या कोळ्यांची रीत या कायद्यांहून कितीतरी जुनी. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आहे. थोड्या खर्चात राबवता येण्याजोगा हा सर्वांत चांगला नियम. बोट धक्क्यावर आहे की नाही, हे पाहायला शास्त्रज्ञ लागत नाही.

हीच दृष्टी ठेवून संस्थेने २०१० च्या आसपास एक सोपी कसोटी मांडली. एखाद्या जातीची इतक्या वर्षांतली सर्वांत मोठी आवक घ्यायची आणि गेल्या तीन वर्षांची सरासरी तिच्या किती टक्के आहे ते पाहायचे. सत्तर टक्क्यांवर असेल तर विपुल, पन्नास ते सत्तर तर कमी विपुल, अकरा ते पन्नास तर घसरणीला लागलेली, त्याखाली खालावलेली आणि पाच टक्क्यांच्याही खाली गेली तर कोसळलेली. ही कसोटी शाळेतल्या मुलाला समजेल, पण ती लावायला पन्नास वर्षांची सलग आवक हाताशी हवी. जी मोजणी काटकसर म्हणून सुरू झाली, तिनेच हे शक्य केले.

अर्थात उतरलेली मासळी म्हणजे समुद्रातली मासळी नव्हे. २०१९ मध्ये महाराष्ट्राची आवक २.०१ लाख टनांवर आली, पंचेचाळीस वर्षांतली सर्वांत कमी. आदल्या वर्षी ती २.९५ लाख टन होती. मासे संपले अशी हाकाटी झाली. पण त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळे ऐन हंगामात आली आणि कितीतरी दिवस बोटी बाहेरच पडल्या नाहीत. बोट किती तास समुद्रात होती हे टोपल्यांच्या शेजारच्या रकान्यात लिहिलेले असते, ते याचसाठी. श्रम आणि फळ दोन्ही लिहिले तरच दोष माशाचा, वाऱ्याचा की जाळ्याचा हे उलगडते. केरळातल्या तारलीचे पाहा. २०१२ मध्ये जवळपास चार लाख टन मिळालेली तारली २०२१ मध्ये ३,२९७ टनांवर आली. १९४० च्या दशकातही ती अशीच दिसेनाशी झाली होती आणि तेव्हा आजच्यासारख्या यांत्रिक बोटी नव्हत्या. समुद्र तापला, तारलीचे खाद्य हलले, आणि तशातच लहान पिल्ले मोठ्या प्रमाणात मारली गेली, असे संस्थेचे अभ्यास सांगतात. निसर्गाची चूक निसर्ग सुधारतो. पडत्या काळात पिल्ले मारणे आपल्या हातचे होते.

कमी साधनांत नियमन साधल्याचे देशातले सर्वांत बोलके उदाहरण कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीत आहे. तिथले शिंपले परदेशी जाऊ लागले, १९९१ मध्ये उत्पादन दहा हजार टनांवर गेले आणि दोनच वर्षांत निम्म्यावर आले. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शिंपल्यांच्या विणीचा काळ शोधून काढला आणि तिथल्या शिंपलेवाल्यांनी नियम मान्य केले. डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद. जाळ्याचे भोक ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको. किलोभर मांसात १,४०० हून जास्त भरतील इतके बारीक शिंपले विकायचे नाहीत. नियम तीनच आणि तिन्ही खाडीच्या काठावर उभ्या राहिलेल्या कोणालाही तपासता येतात. २०१४ मध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र मिळाले, भारतातले पहिलेच. खाडी लहान आहे, शिंपला पळून जात नाही, आणि काढणारे एकमेकांना ओळखतात, हे सारे त्यांच्या बाजूने होते, हे मान्य. महाराष्ट्राच्या समुद्रात गुजरातच्या, गोव्याच्या, कर्नाटकाच्या बोटी येतात आणि मासा राज्याची हद्द पाहत नाही. तरीही आपल्या खाड्यांतल्या तिसऱ्या आणि कालवांसाठी अष्टमुडीचा धडा घेता येईल, आणि तो घ्यायला आपण उशीर केला आहे.

मोठ्या समुद्रासाठी महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत पावले टाकली. डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने पर्ससीनवर निर्बंध आले. पुढे मासळीच्या किमान लांबीचा प्रश्न आला. केरळने २०१५ मध्ये चौदा जातींसाठी अशी लांबी ठरवली होती, नंतर ती यादी अठ्ठावन्नवर नेली. तारली दहा सेंटिमीटर, बांगडा चौदा, अशी ती साधी मापे. मासा पहिल्यांदा विणीला येतो तेव्हा केवढा असतो, यावरून ती निघतात, म्हणजे पुन्हा त्याच मोजपट्टीवरून आणि त्याच वह्यांवरून. मुंबई केंद्राने आपल्या किनाऱ्यासाठी केलेल्या शिफारशींच्या आधारे महाराष्ट्राने २०२३ मध्ये चोपन्न जातींसाठी किमान लांबी लागू केली. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा म्हणून मान मिळाला. बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेट टोपल्या भरभरून येत असताना हा मान देण्यात आला, म्हणून त्या दोन निर्णयांचा एकमेकांशी फार जवळचा संबंध आहे असे मी मानतो.

संस्थेच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या वेगवेगळ्या भागांतल्या १३५ साठ्यांची तपासणी आहे आणि त्यांतले ९१.१ टक्के सुस्थितीत असल्याचे म्हटले आहे. हा आकडा दिलासा देणारा आहे आणि तो कष्टाने मिळवलेला आहे. पण बंदरांवर उतरणाऱ्या जाती शेकडो आहेत. लवकर वाढणारे, लवकर विणारे, ढिगाने मिळणारे मासे मोजणे त्यातल्या त्यात सोपे. घोळ, मुशी, पाकट यांच्यासारखे सावकाश वाढणारे मासे नमुन्यात कमी सापडतात आणि बिघाड कळेपर्यंत वेळ गेलेली असते. त्यांच्यासाठी मोजणीची घडी वेगळी बसवावी लागेल. संस्थेतले लोक हे जाणतात आणि त्या दिशेने काम करत आहेत.

मला एक मागणी नोंदवायची आहे. वह्यांच्या जागी आता हातातली टॅब्लेट आली आहेत. बंदरावरची नोंद तिथूनच मुख्यालयात पोहोचते. ती उलट दिशेनेही यावी. सातपाटीच्या, अर्नाळ्याच्या, हर्णैच्या, मालवणच्या तांडेलाने गेल्या वर्षभरात जी उत्तरे दिली, त्यांतून त्याच्या पट्ट्याविषयी काय निघाले, कोणता मासा किती लांबीचा सापडला, तासाला किती मिळाले, हे एका पानावर मराठीत छापून त्याच्याच बंदरावर, लिलावाच्या शेडमध्ये आणि मच्छीमार सहकारी सोसायटीच्या फळ्यावर दरवर्षी नारळी पौर्णिमेपूर्वी लावले जावे. संस्था १९७८ पासून ‘मरीन फिशरीज इन्फर्मेशन सर्व्हिस’ ही पत्रिका काढते आणि तिच्यात बंदरांवरच्या घडामोडी असतात, पण ती इंग्रजी आणि हिंदीत असते आणि किनाऱ्यापर्यंत क्वचितच जाते. चोपन्न जातींच्या यादीची अंमलबजावणी मत्स्यव्यवसाय विभागाच्या मोजक्या अधिकाऱ्यांना एकट्याने झेपणार नाही. ती तांडेलाच्या आणि मासळी विकणाऱ्या बायकांच्या हातून व्हायची आहे. लहान पापलेट टोपलीत घ्यायचे की नाही हे रोज सकाळी त्याच ठरवतात. ते एक पान छापायला फार पैसा लागत नाही आणि त्यातला मजकूर मुंबई केंद्राच्या दप्तरात आज तयार आहे.